थीम पार्टी, बजेट आठशे रुपये

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या टीमचं एक मोठं रिलीज पार पडलं. पार पडलं म्हणजे रात्री तीनला प्रॉडक्शनवर गेलं, चारला मागे घ्यावं लागलं आणि सकाळी साडेसहाला पुन्हा गेलं. असो. रिलीज झालं की पार्टी, हा आमच्याकडचा अलिखित नियम. आधीच्या वेळी एका झगमगीत हॉटेलात गेलो होतो. माणशी अठराशे रुपये पडले आणि नेमकं काय खाल्लं ते दुसऱ्या दिवशी कोणालाही सांगता येईना. म्हणून यावेळी ठरलं, पार्टी घरी. घर म्हणजे अर्थातच आमचा वाकडचा फ्लॅट. आम्ही तीन पोरं राहतो, हॉलमध्ये फर्निचर नावालाही नाही, त्यामुळे सोळा माणसं आरामात मावतात. गरिबीचा असा फायदा होतो कधीकधी.

मग ग्रुपवर चर्चा सुरू. थीम काय? रेट्रो बॉलिवूड, हॅरी पॉटर, नव्वदचं दशक. एकीने तर 'हवाईयन' सुचवलं. पुण्यात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, आठव्या मजल्यावर! बजेट मात्र पटकन ठरलं. मी गमतीत लिहिलं, माणशी पन्नास. टेस्टिंगवाल्यांनी ते लगेच पकडलं आणि सोळा गुणिले पन्नास, आठशे रुपये, हा आकडा लॉक झाला. आता आठशे रुपयांत सोळा जणांना काय खायला घालायचं या विवंचनेत मी रविवारी आत्याला फोन लावला. आमच्या घरात कमी पैशांत जास्त माणसं जेवू घालण्याचा अनुभव तिच्याइतका कोणाला नाही.

"थीम म्हंजे काय रे बापू?" आत्याने विचारलं.

मी समजावलं. सगळ्यांनी एका पद्धतीचे कपडे घालायचे, त्याला साजेशी गाणी, त्याला साजेसं खाणं, एखादा खेळ, आणि खर्च बेताचा.

"मंग ते तं भुलाबाई झाली ना!"

आणि गंमत म्हणजे आत्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

आमचं गाव बोरी अरब. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका, अडाण नदीच्या काठी. आत्या तिथेच वाढली, लग्नानंतर यवतमाळला गेली. पुण्यात ज्याला भोंडला म्हणतात, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हादगा म्हणतात, ती आमच्या विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई. थोडा फरक आहे. भोंडला हस्त नक्षत्राचा, पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा. आमची भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते, म्हणजे चांगला महिनाभर मुक्काम. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, म्हणजे पार्वती आणि शंकर. पार्वती माहेरपणाला आलेली असते अशी कल्पना. वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. पूर्वी धांडे कोणाच्याही शेतात मिळत, आता शिवारात बघावं तिकडे सोयाबीन आणि कापूस, त्यामुळे पाच धांड्यांसाठी ओळखी काढाव्या लागतात, असं आत्या म्हणते.

संध्याकाळ झाली की मुली एकेका घरी जमायच्या. गाणी म्हणायच्या, सासर-माहेरची, कारल्याच्या वेलाची वगैरे. गाणी संपली की खिरापत. आणि हा खरा खेळ. खिरापत बंद डब्यात असायची. ज्या घरची खिरापत त्या घरची मुलगी डबा हलवून दाखवायची आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. खुळखुळ वाजलं तर फुटाणे, सळसळ झाली तर मुरमुरे, काहीच आवाज आला नाही तर डाळ किंवा शिरा. ओळखता येणार नाही असं काहीतरी करण्यात आयांची चढाओढ. कोजागिरीला तेहतीस प्रकारच्या खिरापतींचा थाट, वर आटवलेलं दूध.

जरा हिशेब करून बघा. जागा रोज बदलते म्हणजे एकाच घरावर भार नाही. प्रत्येकीला मिळतं मूठभर, म्हणजे खर्च किरकोळ. पोट भरणं हा हेतूच नाही, ते घरी जाऊन भरायचं. आणि सगळी मजा ओळखण्यात असल्यामुळे चार आण्यांचे फुटाणेसुद्धा हिट. आमच्या एचआरला जे जमत नाही ते गावातल्या पोरी पिढ्यानपिढ्या करत होत्या.

मी हे सगळं आत्याला उत्साहाने ऐकवलं. ती 'हो ना, हो ना' करत होती. मग म्हणाली, "पण फुटाण्याची एक गोष्ट हाय."

आत्याच्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या आसपास, त्यांच्या घोळक्यात एक मुलगी होती. नाव मी लिहीत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला घर. शाळेत सगळ्या एकत्र, त्यामुळे भुलाबाईलाही ती यायची, आणि तिचा आवाज सगळ्यांत चांगला असल्यामुळे ती नसली तर गाणी रंगायची नाहीत. एक दिवस तिच्याही घरी जावं लागायचं. तिच्या घरची खिरापत ठरलेली, फुटाणे नाहीतर मुरमुरे. डबा हलवायच्या आधीच सगळ्या ओरडायच्या, फुटाणे! एका वर्षी तिच्या आईने हौसेने वाटली डाळ केली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वाटून, वर फोडणी, लिंबू. डबा वाजला नाही. कोणालाच ओळखता आलं नाही. ती मुलगी खूश.

"मंग?"

"मंग काय. हातात घेतली सगळ्याईनं. खाल्ली नाही कोणी. मुठीत धरून बाहीर आलो अन् वाटेत कोंबड्याईले टाकली. मीबी टाकली रे. घरी मायनं सांगून ठेवलं होतं ना, फुटाणे चालते, डाळ चालत नाही."

पुढच्या वर्षीपासून त्या घरी पुन्हा फुटाणे.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या नियमावर विचार करत बसलो. फुटाणे चालतात, डाळ चालत नाही. इंजिनिअरला कुठलाही नियम दिसला की त्यामागचं लॉजिक शोधावंसं वाटतं. आणि इथे लॉजिक आहे, भयंकर असलं तरी सुसंगत आहे. फरक पाण्याचा आहे. फुटाणे कोरडे, भट्टीवर भाजलेले. डाळ भिजलेली, म्हणजे त्या घरचं पाणी तिच्यात उतरलं. उत्तर हिंदुस्थानात याला पक्कं आणि कच्चं जेवण असे शब्दच आहेत. तुपात तळलेलं ते पक्कं, ते बऱ्याच जणांकडून चालतं. पाण्यात शिजवलेलं ते कच्चं, ते फक्त आपल्यातल्यांकडूनच. आपल्याकडे कोरडा शिधा नावाची गोष्ट होती. ज्याच्या हातचा भात चालत नाही त्याच्याकडून तांदूळ, डाळ, गूळ, तूप घ्यायला हरकत नसे. धान्य चालतं, चूल आणि पाणी आपलं पाहिजे. भात, भाकरी, आमटी, म्हणजे माणसाचं रोजचं साधं जेवण, नेमकं तेच सीमेपलीकडे जाऊ शकत नव्हतं.

हे एकदा लक्षात आलं की महाराष्ट्रातल्या गेल्या पावणेदोनशे वर्षांतल्या काही 'पार्ट्या' वेगळ्याच दिसायला लागतात. मी पुढचे चार-पाच वीकेंड त्यातच घालवले.

पहिली पार्टी पुण्यातली, जानेवारी १८५२ ची. सावित्रीबाई फुल्यांनी महिला सेवा मंडळ काढलं होतं आणि त्याच्यातर्फे संक्रांतीचा तिळगूळ समारंभ ठेवला. अध्यक्ष म्हणून पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स, निमंत्रण सेक्रेटरी सावित्रीबाईंचं. निमंत्रणात स्पष्ट लिहिलं होतं की कुठल्याही जातीच्या आणि धर्माच्या बायका येवोत, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, भेदभाव होणार नाही, हळदीकुंकू आणि तिळगूळ सगळ्यांना सारखा. तेव्हा सावित्रीबाई होत्या एकवीस वर्षांच्या, माझ्या टीममधल्या फ्रेशरपेक्षाही लहान. बजेट किती असेल? तीळ, गूळ, थोडं कुंकू आणि एक जाजम. सगळा भार त्या जाजमावर होता. तिळगूळ कोरडा, हेही लक्षात घ्या. पदार्थ असा निवडलाय की ज्यावरून भांडण उकरून काढणं अवघड. हे मुद्दाम केलं असेल की संक्रांत म्हणून आपोआप झालं असेल? मला वाटतं संक्रांतच. पण बसण्यावरची लढाई आधी लढायची आणि खाण्यावरची नंतर, हा क्रम प्रत्यक्षात तसाच झाला खरा.

दुसरी पार्टी १८९० ची, पुन्हा पुण्यातलीच, आणि ही तर चक्क चहा-बिस्किटांची. याहून स्वस्त मेन्यू असूच शकत नाही, आणि याहून महागात पडलेली पार्टीही मला माहीत नाही. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोश्यांचे यजमान, फारच विक्षिप्त गृहस्थ. त्यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमवलं. महादेव गोविंद रानडे होते, टिळक होते. कार्यक्रम झाल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्यायले, कोणी कपाला नुसता हात लावून खाली ठेवला. सभ्य माणसांची पंचाईत होते तशी झाली, नाही कसं म्हणायचं! मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. आजच्या भाषेत, पार्टीचे फोटो टॅग करून टाकले.

झालं. सनातनी मंडळींनी ग्रामण्य उभं केलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं ठरली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि त्यांच्या सुधारक मित्रांना ते अजिबात आवडलं नाही. हायकोर्टाचा जज्ज होऊ घातलेला माणूस, आणि एक कप चहावरून दोन वर्षं घरादाराला ताप. रमाबाई रानड्यांच्या आठवणींमध्ये हे प्रकरण आहे, जरूर वाचा. मला स्वतःला रानड्यांचा राग येत नाही. बहिष्कार म्हणजे घरातल्या कार्याला भिक्षुक मिळायचा नाही, बहीण-लेक माहेरी यायला कचरणार. चहा एकट्याने पिता येतो, त्याची किंमत सगळं घर देतं.

पण बिस्किटं नुसती असती तर इतकं झालं असतं का? मला शंका आहे. चहा म्हणजे पाणी. परक्या चुलीवर उकळलेलं.

आणि पाणी म्हटलं की महाड आलंच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्या कोरड्या-ओल्याच्या सगळ्या व्यवस्थेच्या मुळावरच हात घातला गेला. त्यानंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात सहभोजनांची लाटच आली. रत्नागिरीला स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी सहभोजनं घडवली, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर झालं. मुंबईत समाज समता संघाची मंडळी होती. आणि याच परंपरेत पुढे एक विलक्षण माणूस येतो, ज्याच्यामुळे आमच्या पार्टीची थीम ठरली. अनंत हरी गद्रे.

गद्रे (१८९०-१९६७) म्हणजे पत्रकार, नाटककार आणि जाहिरातीचा किडा. 'मौज' आणि 'निर्भीड' ही त्यांची पत्रं. नाटकांच्या जाहिराती ते अशा काही करायचे की लोक त्यांना 'जाहिरात जनार्दन' म्हणायचे. आज असते तर कुठल्यातरी स्टार्टअपचे मार्केटिंग हेड असते आणि लिंक्डइनवर वीट आणला असता. पण या माणसाने आपलं सगळं जाहिरातीचं डोकं एका वेगळ्याच प्रॉडक्टसाठी वापरलं. झुणका-भाकर सत्यनारायण.

कल्पना साधी. सत्यनारायण घरोघरी होतोच. लोकांना बोलवायचं निमित्त तयार, चौरंग तयार, कथा तयार. गद्र्यांनी त्यात दोनच बदल केले. पूजेला यजमान म्हणून तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतलं जोडपं बसवायचं. आणि प्रसाद शिऱ्याचा नाही, झुणका-भाकरीचा, सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'समतानंद' ही पदवी दिली ती यासाठी. नाव इतकं चिकटलं की आजही त्यांचा उल्लेख समतानंद अनंत हरी गद्रे असाच होतो.

झुणका-भाकर का? स्वस्त म्हणून, गरिबाघरचं म्हणून, हे उत्तर लगेच सुचतं आणि ते बरोबरच आहे. पण आत्याची फुटाण्याची गोष्ट ऐकल्यावर मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. हा माझा अंदाज आहे, गद्र्यांच्या तोंडी घालत नाही. नुसतं एकत्र खायचं होतं तर पेढा चालला असता. फुटाणे चालले असते. पेढा खाऊन घरी जाऊन म्हणता आलं असतं, कोरडं होतं हो. भाकरीत ती पळवाट नाही. भाकरीचं पीठ पाण्यात मळतात, हाताने थापतात, वर पाण्याचा हात फिरवतात. झुणक्यात पाणी. जे कोणी ते खाल्लं त्याने नियमाचा कुठलाही भाग शिल्लक ठेवला नाही. आणि प्रसाद नाकारायची हिंमत सत्यनारायणाच्या कथेत वाढलेल्या माणसाला होत नाही, साधुवाण्याचं काय झालं ते सगळ्यांना पाठ असतं. म्हणजे धाकसुद्धा त्याच कथेतला उचलला. जाहिरातवाला माणूस!

आता दुसरी बाजू. सहभोजनांवर आंबेडकरांचं मत काय होतं ते १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण मंडळाला झेपलं नाही, सभाच रद्द झाली, मग त्यांनी ते स्वतः छापलं. त्यांचा मुद्दा असा की एकत्र जेवण्याला बंदी नसलेल्या जाती आहेतच, तरी त्यांच्यातली जात मेलेली नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याहून आधी ज्या धर्मशास्त्रांवर हे उभं आहे त्यांचं पावित्र्य नाकारणं. त्या नजरेने पाहिलं तर गद्र्यांचा सत्यनारायण अर्धाच. पोथी तीच ठेवून यजमान बदलला. आणि ज्यांना यजमान करायचं होतं त्यांच्यातल्या लाखोंनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली आणि चौरंगच सोडून दिला. नागपूर आमच्यापासून काही फार लांब नाही. आत्याच्या त्या मैत्रिणीच्या घरात भुलाबाई का बसत नव्हती, ती फक्त दुसऱ्यांच्या भुलाबाईसमोर का गायची, हे मला हे वाचताना कळलं.

तरीही मला गद्रे आवडतात. त्यांनी लोकांना मैदानात बोलावलं नाही, घरात बोलावलं. मैदानातल्या सहभोजनाला गेलेला माणूस घरी येऊन अंघोळ करू शकतो. स्वतःच्या घरात झालेल्या पंगतीनंतर अंघोळ कुठे जाऊन करणार?

बजेटचा विषय निघालाय तर आमच्याकडच्या आणखी एका माणसाला वगळून चालणार नाही. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला नावाची छोटी गाडी होती, आता बंद आहे. तिच्या त्या टोकाला, मूर्तिजापूर तालुक्यात दापुरी नावाचं गाव आहे. तिथे मामाच्या घरी वाढलेला डेबूजी नावाचा तरुण. मुलीचं बारसं निघालं. त्या काळी बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटण द्यायची रीत, मग कर्ज झालं तरी चालेल. या पठ्ठ्याने गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद चिडले. पुढे हाच माणूस गाडगेबाबा झाला आणि जन्मभर सांगत फिरला की कर्ज काढून सण करू नका, वेळ पडली तर जेवायचं ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा. भाऊबंद काय म्हणतील ही भीती खर्चाच्या मुळाशी असते, हे त्यांना एका बारशात कळलं होतं. आम्हाला बाणा दाखवायला माणशी अठराशे लागतात.

(१९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली होती, ती पुढे बंद पडली. तिथे झुणका-भाकर फक्त स्वस्त होती. विषय संपला.)

तर थीम ठरली. 'झुणका-भाकर'. ग्रुपवर टाकल्यावर दोन मिनिटं शांतता, मग एकाने लिहिलं, "हे भारी आहे, टोपी घालून येऊ का?" एकीने आजीचं नऊवारी काढायचं ठरवलं. हवाईयनवाली थोडी रुसली, पण तिने ठेच्याची जबाबदारी घेतली.

यादी अशी. बेसन एक किलो, ज्वारीचं पीठ तीन किलो, कांदे तीन किलो, मिरच्या, लसूण, कोथिंबीर, शेंगदाणे, तेल अर्धा लिटर, ताकासाठी दही. सगळं मिळून सातशे ऐंशी. झुणका मी केला. ज्यांना करून बघायचाय त्यांच्यासाठी, कांदा सढळ हाताने, तेलही, पाणी बेताचं, आणि बेसन हळूहळू पेरत ढवळत राहायचं, मग झाकण ठेवून दणदणीत वाफ. पातळ पिठलं करू नका, माणसं येईपर्यंत ते घट्ट होतं आणि सोळा वाट्या लागतात. झुणका भाकरीवरच वाढता येतो. आमच्याकडे याला साधं 'चून' म्हणतात आणि पाहुण्यांना वाढायला लाजतात.

भाकरीचं मात्र घोडं अडलं. सोळा माणसं, छत्तीस भाकऱ्या. मी एक थापून पाहिली, तिचा नकाशा झाला. शेवटी आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या मावशींना विचारलं. दहा रुपये भाकरी म्हणाल्या. संध्याकाळी पाचला आल्या आणि दोन तास ओट्यासमोर उभं राहून छत्तीस भाकऱ्या टम्म फुगवून टोपलीत रचल्या. शिवाय त्यांच्या स्वतःच्या चार. हे चारशे रुपये माझ्या आठशेत धरलेलेच नव्हते, हे मला त्यांना पैसे देताना लक्षात आलं.

मंडळी साडेसातला आली. टोप्या, नऊवारी, एक जण धोतर नेसून, तेही जीन्सवरून. चादरींवर पंगत मांडली. जेवणाआधी मी लॅपटॉप टीव्हीला जोडून गद्र्यांची गोष्ट सांगितली, १८५२, १८९०, सगळं. फुटाण्याचीही सांगितली. सगळे गप्प होऊन ऐकत होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं.

मग ताक वाढायला घेतलं आणि पेले कमी पडले. आमच्या टीममधला एक जण स्वयंपाकघरात गेला, सिंकवरच्या कप्प्यात हात घालून एक स्टीलचा कप काढला आणि त्यात ताक ओतलं.

"दादा, तो माझा कप आहे," मावशी घाईने म्हणाल्या. "थांबा, दुसरा विसळून देते."

तो म्हणाला, "असू दे की," आणि प्यायला. मावशींनी तरीही दुसरा पेला विसळून त्याच्यासमोर ठेवला. मी दारात उभा होतो. तो कप दोन वर्षं तिथेच आहे. त्यात मावशी चहा घेतात. बाकीचे कप खालच्या मांडणीत असतात. हे आम्हा तिघांपैकी कोणी ठरवलं, की आधीच्या भाडेकरूंचं तसंच चालत आलं, ते नंतर आम्ही खूप आठवून पाहिलं, आठवलं नाही.

"मावशी, जेवूनच जा ना. बसा आमच्यात," मी म्हणालो.

"नको दादा, अजून एक घर आहे. चार भाकऱ्या घेतल्यात डब्यात." त्या पिशवी घेऊन सर्व्हिस लिफ्टकडे गेल्या.

पार्टी झकास झाली, हे सांगायला हवं. झुणका संपला, भाकरी एकही उरली नाही, अकरापर्यंत गाणी चालली. रविवारी मी हिशेब ग्रुपवर टाकला. अकराशे ऐंशी. बजेटच्या वर गेलं म्हणून टेस्टिंगवाल्यांनी लगेच बग लॉग केला.

त्याच दिवशी मी तो कप खालच्या मांडणीत बाकीच्या कपांत ठेवून दिला. सोमवारी ऑफिसमधून आलो तेव्हा मावशी येऊन गेल्या होत्या. भांडी घासून पालथी घातलेली, आणि स्टीलचा कप पुन्हा सिंकवरच्या कप्प्यात.